रानगवतात सत्त्व किती? आधी कापणीची वेळ पाहा

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या एका पशुपालकाचा प्रश्न आहे. चार एकर माळ आहे. त्यावर कुसळी, मारवेल, पवन्या आणि थोडी हरळी असं मिसळ गवत येतं. दिवाळी झाली की ते कापून गंजी लावतात. दावणीला दोन खिल्लार गाई, एक संकरित गाय आणि पाच-सहा शेळ्या आहेत. जनावरं पोटभर खातात, तरी माघ-फाल्गुनात बरगड्या दिसायला लागतात आणि गाई वेळेवर माजावर येत नाहीत. शेजारी सांगतात की रानगवतात काही नसतं, माळ नांगरा आणि नेपियर हे बागायती चाऱ्याचं गवत लावा. त्यांना विचारायचंय, रानगवतात खरंच सत्त्व नसतं का?

असतं. तुमच्या माळावर भाद्रपदात जे गवत उभं असतं, ते दुभत्या खिल्लार गाईला पेंडीशिवाय पोसू शकतं. तुम्ही कार्तिकात कापता तेव्हा माळ तोच आणि गवतही तेच असतं, पण त्यातली प्रथिनं निम्म्याहून कमी झालेली असतात. म्हणून मला कोणी विचारलं की अमुक गवत चांगलं का, तर मी आधी विचारतो, कापलं कधी?

गवत उगवल्यापासून फुलोऱ्यापर्यंत त्याचा भर पानांवर असतो. पानात प्रथिनं जास्त आणि काष्ठ कमी. फुलोरा आला की गवताचं सगळं लक्ष बी भरण्याकडे जातं. पानातला नत्र (नायट्रोजन) बियांकडे आणि मुळांकडे ओढला जातो, काडी लांबते, टणक होते. बी पिकून झडलं की उरते ती पोकळ काडी आणि वाळकी पानं. आकड्यांत सांगायचं तर पावसाळ्यातल्या कोवळ्या मारवेल, पवन्या किंवा अंजनात कोरड्या वजनाच्या ८ ते १० टक्के कच्ची प्रथिनं मिळतात. फुलोऱ्यात ती ५ ते ७ टक्क्यांवर येतात. बी झडून गवत पिवळं पडलं की २ ते ४ टक्के. माती, पाऊस आणि जातीप्रमाणे आकडा थोडा पुढेमागे होईल, पण उतरण अशीच असते. पचणाऱ्या एकूण अन्नघटकांचंही तसंच, कोवळ्यात ५५ टक्क्यांच्या आसपास आणि पिकलेल्यात ४० ते ४५.

कच्ची प्रथिनं म्हणजे प्रयोगशाळेत मोजलेला नत्र गुणिले ६.२५. त्यातली सगळी पचतात असं नाही, पण तुलना करायला हा आकडा पुरेसा आहे.

आता ७ हा आकडा लक्षात ठेवा. गाय गवत स्वतः पचवत नाही. तिच्या कोठीपोटातले, म्हणजे रुमेन या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव ते पचवतात आणि त्या जिवांना वाढायला नत्र लागतो. चाऱ्यात साधारण ७ टक्क्यांहून कमी प्रथिनं असली की त्यांची उपासमार सुरू होते. ते कमी झाले की काडी फुटायला वेळ लागतो, चारा पोटात जास्त काळ पडून राहतो, पोट भरलेलं दिसतं आणि जनावर पुढचा घास कमी घेतं. तुम्ही म्हणता ना, पोटभर खातात तरी खंगतात, त्याचं कारण हेच. पोट रिकामं होत नाही म्हणून भरलेलं दिसतं. गव्हाणीत उरलेलं गवत पाहून जनावर माजलंय असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका.

४०० किलोच्या खिल्लार गाईचा हिशोब मांडून पाहू. दूध देत नसली तरी नुसतं अंग राखायला तिला रोज सुमारे ३२० ग्रॅम कच्ची प्रथिनं आणि तीन किलोंहून थोडे जास्त पचणारे अन्नघटक लागतात. वर दर लिटर दुधामागे साधारण ९० ग्रॅम प्रथिनं आणि पाव किलोहून थोडे अधिक, म्हणजे ३२० ग्रॅमच्या आसपास, पचणारे घटक. पावसाळ्यात ती कोवळं गवत कोरड्या हिशोबाने ८ किलो खाते. कोवळ्या गवतात पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणी असतं, म्हणजे प्रत्यक्षात ३५ ते ४० किलो हिरवं गवत पोटात जायला हवं. आठ किलोंवर आठ टक्के म्हणजे ६४० ग्रॅम प्रथिनं. अंगाचे ३२० वजा केले तर साडेतीन लिटर दुधाची सोय झाली. पचणाऱ्या घटकांचा हिशोब मांडला तरी चार लिटरच्या आसपासच येतो. वासराला पाजून घरापुरतं दूध काढायचं असेल तर खिल्लारला एवढं पुरतं. फक्त खनिजांचं वेगळं पाहावं लागतं, ते पुढे सांगतो.

तीच गाय माघात. गवत पिकलेलं, प्रथिनं ३ टक्के. आठ किलो ती खाणारच नाही, फार तर सहा. प्रथिनं मिळाली १८० ग्रॅम, हवी होती ३२०. पचणारे घटक मिळाले अडीच किलो, हवे होते तीनच्या वर. ही तूट रोजची आहे. पोटात वासरू असेल तर ती आणखी वाढते. गाय अंगावरची चरबी आणि मांस वितळवून ती भरते. बरगड्या दिसायला लागतात त्या इथे. आणि ज्या गाईचं अंग उतरतंय ती माजावर येत नाही, हा शरीराचा शहाणपणा आहे. त्यावर इंजेक्शनचा खर्च करण्याआधी गव्हाण पाहावी.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. शेण पाहा. प्रथिनांची तूट असलेल्या गाईचं शेण घट्ट पडतं, थरावर थर चढून उभं राहतं, कडेला वळ्या दिसतात आणि मोडलं तर आत न पचलेल्या काड्या लांब लांब सापडतात. हिरव्या चाऱ्यावरच्या गाईचं शेण पसरट पडतं. रोज गोठा लोटणाऱ्या बाईला हा फरक माझ्याआधी कळतो. तिला विचारलं पाहिजे, आणि आपण बहुतेक वेळा विचारत नाही.

आता गवतांच्या जाती. तुमच्या माळावरची गवतं सारख्या दर्जाची नाहीत. नावं तालुक्यागणिक बदलतात म्हणून रोप पाहून ओळखा. मारवेलच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं आणि टोकाला बोटांसारख्या फुटलेल्या चार-सहा लोंब्या. काडी मऊ, पान भरपूर, फुलोऱ्यानंतरही जनावर आवडीने खातं. माझ्या मते दख्खनच्या माळावरचं हे सगळ्यात भरवशाचं गवत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलच्या सुधारित जाती निवडून दिल्या आहेत, त्यांचे ठोंब लावता येतात. पवन्याला काही भागांत शेडाही म्हणतात. त्याला एकच लोंबी असते, ठोंब दाट असतो. कोवळेपणी चांगलं, वाळवणीलाही उत्तम, पण मारवेलपेक्षा लवकर रखरखीत होतं. डोंगरी गवत उतारावर, मुरमाड जागी तग धरतं. बुडाशी पानांचा झुपका असल्यामुळे चरायला बरं. अंजनाला लवदार जांभळट तुरा येतो. कमी पावसात टिकणारं आणि प्रथिनांत वरच्या रांगेतलं. तुमच्या माळावर ते नसेल तर आणायच्या यादीत पहिलं लिहा, माणच्या पावसात ते जमतं. हरळीची उंची कमी म्हणून तिला कोणी वैरण म्हणत नाही, पण कोवळ्या हरळीत दहा टक्क्यांवर प्रथिनं असतात. बांधावरची हरळी खुरपून जनावरापुढे टाकणारे लोक नकळत चांगली वैरणच टाकत असतात.

आणि कुसळी. फुलोऱ्याआधी ती अगदीच वाईट नाही, त्या वेळी सहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि गुरं खातात. पण तिची वेळ फार थोडी. लोंबी आली की काळसर पिळदार कुसळं एकमेकांत गुंततात, आणि त्यानंतर ती खाऊ घालणं म्हणजे जनावराला जखमा करणं. जिभेखाली, हिरडीत, ओठाच्या कोपऱ्यात कुसळ घुसतं, तिथे पू होतो, जनावर लाळ गाळतं आणि चारा टाकतं. मेंढ्यांचे हाल जास्त, कारण लोकरीत अडकलेलं कुसळ कातडीतून आत शिरतं. दिवाळीनंतरच्या दिवसांत एखादं जनावर अचानक खाईनासं झालं, तर औषध विचारायच्या आधी तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात जीभ आणि हिरड्या तपासा.

कुसळी जास्त असणं ही माळाच्या तब्येतीची खूणही आहे. देशातल्या कुरणांच्या पाहणीवरून १९७३ साली जी वर्गवारी प्रसिद्ध झाली, तिच्यात सगळ्या देशाची कुरणं पाच मोठ्या प्रकारांत बसवली आहेत. त्यात आपलं दख्खन येतं पवन्या-मारवेलच्या पट्ट्यात. म्हणजे आज जिथे नुसती कुसळी दिसते, तिथे नीट राखलेला माळ असता तर ही दोन गवतं असती. गुरं चवीचं गवत आधी खातात. पवन्या-मारवेल बी धरायच्या आत संपतं आणि न आवडणाऱ्या कुसळीला मोकळं रान मिळतं. त्यात वणवा लावला तर तिचं आणखी फावतं. तिचं कुसळ ओलाव्याने पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं आणि असं फिरत फिरत बी मातीत रुतवतं. वर आग गेली तरी ते बी वाचतं. तरीही चराई थांबली नाही तर कुसळीही जाते. मग तरोटा येतो, गाजर गवत येतं. तरोट्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत आणि गाजर गवत पोटात गेलं तर दूध कडू लागतं. नवं गवत यावं म्हणून माळ पेटवायची रीत कृपा करून बंद करा. वणव्यानंतर जे हिरवं दिसतं ते मुळातला साठा मोडून आलेलं असतं. शिवाय पुढच्या वर्षीच्या चांगल्या गवताचं बी त्यात जळतं.

मग कापायचं कधी? माणमध्ये मोठा पाऊस परतीचा, भाद्रपद-आश्विनातला. त्यामुळे तुमच्याकडे गवताची खरी वाढ सप्टेंबरात होते आणि फुलोरा सप्टेंबरअखेरीस ते ऑक्टोबरात येतो. निम्म्या ठोंबांना लोंबी दिसली की विळा लावायचा. घटस्थापना ते कोजागरी हा काळ साधारण बरोबर बसतो. दिवाळीनंतर कापायची जी रीत पडली तिला कारणं आहेत आणि ती मला मान्य आहेत. तोवर पाऊस थांबलेला असतो, गवत उभ्यानेच वाळलेलं असतं, बाजरीची काढणी आटोपून हात मोकळे झालेले असतात. शिवाय उशिरा कापलं तर भारे जास्त भरतात. पण हे जास्तीचं वजन काडीचं असतं. समजा एका हेक्टरमधून फुलोऱ्यात तीन टन कोरडं गवत मिळालं आणि त्यात सहा टक्के प्रथिनं असली, तर १८० किलो प्रथिनं घरात आली. बी झडल्यावर साडेतीन टन मिळालं पण तीन टक्क्यांचं, तर आली १०५ किलो. अर्धा टन गवत जास्त आणि ७५ किलो प्रथिनं कमी. ती ७५ किलो पुढे बाजारातून पेंडीच्या पोत्यातून आणावी लागतात.

एक अडचण मात्र खरी आहे. दरवर्षी सगळा माळ फुलोऱ्यात कापला तर बी पडणारच नाही आणि चार-पाच वर्षांत ठोंब विरळ होतील. म्हणून माळाचे तीन भाग करा. दोन भाग फुलोऱ्यात कापा, तिसरा बी पडेपर्यंत राखा आणि मगच कापा. पुढच्या वर्षी राखायचा भाग बदला. राखलेल्या भागात कुसळी जास्त असेल तर तेवढी आधी छाटून काढा, म्हणजे बी पडेल ते मारवेल-पवन्याचं. कापताना जमिनीपासून चार बोटं बूड राहू द्या. ठोंबाचा साठा आणि नवे फुटवे तिथेच असतात. परतीच्या पावसाची ओल असेल तर लवकर कापलेल्या भागाला फुटवा येतो आणि तो मार्गशीर्षात चरायला मिळतो. उशिरा कापणाऱ्याला हे दुसरं पीक मिळत नाही.

आश्विनात वाळवायचं कसं, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. दोन-तीन दिवसांची उघडीप पाहून थोडं थोडं कापा, एकदम सगळा माळ लोळवू नका. सकाळचं दव उठल्यावर कापणी सुरू करा, पातळ पसरा, दुपारी एकदा उलथा. पहिला दिवस उन्हात गेला की पुढे त्याचे छोटे ढीग करा किंवा तीन बांबूंच्या तिवईवर सैल टाका, म्हणजे वारा खेळतो आणि कडक उन्हात पानं चुरडून गळत नाहीत. पानं गळली तर लवकर कापल्याचा फायदा तिथेच गेला, कारण काडीच्या जवळपास दुप्पट प्रथिनं पानात असतात. काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली की गंजीत रचा. ओल १५ टक्क्यांवर असेल तर गंजी आतून तापते आणि बुरशी धरते. बुरशीचं गवत गाभण जनावराला कधीच घालू नका. नीट वाळलेलं गवत हिरवट राहतं आणि त्याला वास येतो. मधेच एखादी सर आली तर थोडं सत्त्व धुपतं. तरीही ते कार्तिकातल्या पिवळ्या गवतापेक्षा सहसा चांगलंच राहतं.

आभाळ अजिबात उघडलं नाही तर मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला ओला चारा, करा. रानगवतात साखर कमी असते आणि काडी पोकळ, म्हणून नुसतं दाबून मुरघास चांगला होत नाही. कापल्यावर अर्धा दिवस सुकवा, कडबाकुट्टीवर बारीक करा, शंभर किलोला एक-दोन किलो मळी किंवा गूळ पाण्यात कालवून शिंपडा आणि पिशवीत हवा राहणार नाही इतकं तुडवून भरा. दीड महिन्याने उघडा. मक्याच्या मुरघासाची चव त्याला येणार नाही, पण फाल्गुनात ओलसर चारा मिळतो, हे माणसारख्या भागात थोडं नाही.

यंदाची गंजी तर लागून गेली असेल. ते पिकलेलं गवत फेकायचं नाही, त्याला जोड द्यायची. पहिली जोड सरकी पेंडीची. एका खिल्लार गाईला रोज एक किलो पेंड दिली की सुमारे २२० ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि वरच्या हिशोबातली तूट भरते. शेंगदाणा पेंड असेल तर अर्धा किलोत जवळपास तेवढंच काम होतं. पेंडीचा याहून मोठा फायदा असा की रुमेनमधल्या जिवांना नत्र मिळतो, तेच गवत लवकर पचतं आणि गाय सहाऐवजी सात किलो गवत खाते. आठवड्यातून दोनदा भरपूर देण्यापेक्षा रोज थोडी द्या. नुसता गूळ-पाणी शिंपडून काही होत नाही. गवत चवीने खाल्लं जातं, पण नत्राची तूट तशीच राहते.

दुसरी जोड घरचीच आहे आणि लोक ती उकिरड्यावर टाकतात. मटकी, हुलगा, तूर, हरभरा यांच्या भुसकटात पिकलेल्या गवताच्या दुप्पट-तिप्पट प्रथिनं असतात. गवतात एक तृतीयांश भुसकट मिसळलं तरी मिश्रण बरंच वर येतं. भुईमुगाचा वाळलेला पाला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

तिसरी, युरिया प्रक्रिया. १०० किलो वाळल्या गवताला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, तुडवायचं आणि प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं. तीन-चार टक्क्यांचं गवत सात-आठवर येतं आणि काडी मऊ होते. इथे निष्काळजीपणा जिवावर बेततो. युरियाचं पाणी कधीही थेट पाजू नका. पाणी उरलेली बादली जनावराच्या तोंडाजवळ ठेवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा चारा द्यायचा नाही. काढलेला चारा तासभर पसरून वास उडू द्या आणि पहिल्या आठवड्यात थोडा थोडा वाढवत न्या. प्रक्रिया केलेला चारा खाऊन जनावर फुगलं, थरथरायला लागलं तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

खनिजांकडे फार दुर्लक्ष होतं. पिकलेल्या रानगवतात स्फुरद (फॉस्फरस) अगदी कमी उरतो. गाय हाडं चघळते, चप्पल चावते, माती चाटते, ती या तुटीपायी. माळावर पडलेली कुजकी हाडं चघळण्यातून जीवघेणी विषबाधाही होते. रोज ३० ते ५० ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण आणि २५-३० ग्रॅम मीठ द्या, दुभत्या गाईला मिश्रण वरच्या मापाने. वाळक्या पिवळ्या गवतात अ जीवनसत्त्वाचा आधारही राहत नाही. हिरव्या चाऱ्यावर यकृतात साठलेलं जीवनसत्त्व काही महिने पुरतं. पण चैत्र-वैशाखात विणाऱ्या गाईला शेवटच्या दोन महिन्यांत मूठभर का होईना हिरवं मिळायला हवं. सुबाभूळ, शेवरी, बोराचा पाला, काहीही चालेल. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. त्यातल्या मायमोसीन या विषारी घटकामुळे केस गळतात.

गवत कापून घालणं आणि जनावर चरायला सोडणं यात पोषणाचा मोठा फरक आहे. मेंढी माळावर फिरते तेव्हा ती शेंडे, पानं आणि मधली रानटी द्विदल वेचून खाते. तिच्या पोटात जाणारा चारा माळाच्या सरासरीपेक्षा नेहमी चांगला असतो. माण-फलटणचे मेंढपाळ कळप सतत हलता ठेवतात त्यात हे शहाणपण आहे, प्रत्येक नव्या रानात मेंढीला पहिली वेचणी मिळते. आपण तेच गवत कापून कुट्टी केली की जनावराची निवड संपते आणि काडीही खावी लागते. म्हणून चांगलं हिरवट वाळवलेलं गवत कुट्टी करून द्या, वाया जात नाही. पिकलेलं काडीचं गवत मात्र दुभत्या गाईला थोडं जास्त टाका आणि पाचवा हिस्सा उरू द्या. ती पानं वेचेल. उरलेल्या काड्या भाकड जनावरांना घाला किंवा त्यावर युरिया प्रक्रिया करा.

पहिल्या पावसानंतरच्या पोपटी गवताविषयी उलटी सावधगिरी. त्यात प्रथिनं भरपूर, पण पाणी ८० टक्क्यांवर आणि तंतू अगदी कमी. वाळल्या चाऱ्यावरून जनावर एकदम त्यावर गेलं की हगवण लागते, मेंढ्या-शेळ्यांत आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यात तयार होणाऱ्या विषाने, धडधाकट पिल्लं मरतात. आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचून घ्या, सकाळी सोडण्याआधी थोडा कडबा घाला आणि पहिला आठवडा चराई तासाभराचीच ठेवा. माळाच्याही हे हिताचं. कोंब चार-सहा बोटांचा होण्याआधी चरला तर ठोंब वर्षभर सावरत नाही. ओढ्याकाठी उगवणारं बरू गवत तेवढं वेगळं ओळखून ठेवा. ते ज्वारीच्या कुळातलं आहे. पावसाने ओढ दिल्यावर त्याच्या कोवळ्या फुटव्यात ज्वारीच्या किरळीत, म्हणजे कोवळ्या कोंबांत, असतं तसंच विष तयार होतं.

कोकणातल्या वाचकांना हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात गवत पुरुषभर वाढतं, पण जमिनीतली खनिजं धुपून गेलेली असतात आणि काडी लवकर जाड होते. पालघर-वाड्याकडचं वाळलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जातं, ते म्हशीला तंतू मिळावा म्हणून. दुधाचं पोषण तिथे पेंड आणि भरड्यातून येतं.

यावरून तुमच्या संकरित गाईकडे येतो. ती दिवसाला १५ लिटर देत असेल तर तिला दीड किलोच्या वर कच्ची प्रथिनं लागतात. उत्तम वाळवलेलं गवत पाच किलो खाल्लं तरी त्यातून ३०० ग्रॅम मिळतील. तिला रानगवत हवं ते रवंथ नीट व्हावा आणि फॅट टिकावी म्हणून. बाकी सगळं हिरवा चारा आणि खुराकातून. तेव्हा विहिरीला पाणी असेल तर तिच्यापुरते चार-पाच गुंठे नेपियर आणि जोडीला मेथीघास लावा, पण विहिरीजवळच्या काळ्या रानात. नेपियरचं उत्पन्न एकरी कितीतरी पट जास्त, यात वाद नाही. प्रथिनांत मात्र दोन महिन्यांच्या आत कापलेलं नेपियर आठ-दहा टक्क्यांचं, म्हणजे कोवळ्या मारवेलच्याच पंगतीतलं. मुरमाड माळ नांगरून ते लावलं तर पाण्यावाचून पहिल्या उन्हाळ्यात जळेल, आणि नांगरलेला माळ पुन्हा पवन्या-मारवेलवर यायला फार वर्षं लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात माणमध्ये चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. तशा वर्षी पाण्याशिवाय उभा राहणारा चारा माळाचाच असतो.

माळ सुधारायचाच असेल तर जूनच्या पहिल्या पावसावर मोकळ्या जागी अंजनाचं बी आणि स्टायलो विस्कटा. स्टायलोचं बी कडक असतं, ते आधी गरम पाण्यात बुडवून काढलं तर उगवण वाढते. ते द्विदल असल्यामुळे चाऱ्याची प्रथिनं वाढतात आणि माळाला नत्रही मिळतो. माळावर शेवऱ्यासारखी रानटी द्विदल असतील तर ती तण समजून उपटू नका. जून ते सप्टेंबर चराई पूर्ण बंद ठेवा. दोन पावसाळे हे पाळलं तर मारवेलचं प्रमाण डोळ्याला दिसेल इतकं वाढतं.

शेळ्यांना या सगळ्यातून थोडं बाजूला ठेवा. ती पाला खाणारी जात आहे, बोर, बाभूळ, हिवर यांच्या पाल्यावर ती गवतापेक्षा बरी राहते. गवताची गंजी गाईंसाठीच राखा.

येत्या आश्विनात एक काम नक्की करा. फुलोऱ्यात कापलेल्या गवताचा आणि राखलेल्या भागातल्या उशिराच्या गवताचा वेगवेगळा नमुना काढा. माळाच्या दहा-बारा ठिकाणांहून मूठ मूठ घ्या, सावलीत वाळवा, अर्धा-अर्धा किलो कागदी पिशवीत भरा, वर कापणीची तारीख लिहा आणि कृषी किंवा पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या पशुपोषण विभागात तपासायला द्या. कच्ची प्रथिनं, तंतू आणि राख एवढंच मागा. तुमच्या माळाचे आकडे आले की वर लिहिलेल्या माझ्या आकड्यांच्या जागी ते घाला आणि कोणत्या गंजीला पेंड किती लागेल ते नव्याने मांडा.